चंदी, रतीब आणि माती

मराठीत ‘माती खाणे’ हा वाक्प्रचार नेहमी खाणाऱ्यावर ठपका ठेवतो. हातचा डाव घालवला, करू नये ते केले, की त्या माणसाने माती खाल्ली असे आपण म्हणतो. त्याच्यावर ती वेळ कोणी आणली, हा प्रश्न त्या वाक्प्रचारात शिल्लक राहत नाही. घोडा मात्र अक्षरशः माती खातो. दावणीला बांधलेला घोडा खुराने जमीन उकरतो, ओठांनी ढेकूळ उचलतो, मातीच्या भिंतीचा पोपडा चाटतो. अशा घोड्याला ‘खोड लागली’ असे म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधली जाते. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की घोडा हा राज्याचा कणा होता त्या काळातील शहाण्या कारभाऱ्यांनी घोड्याच्या तोंडाकडे या नजरेने पाहिले नाही. घोड्याच्या पोटात काय गेले आणि काय गेले नाही, याचा जाब त्यांनी घोड्याला विचारला नाही. दाणावैरण ज्याच्या हाती होती त्याला विचारला.

हा विचार करण्यासाठी बीड जिल्ह्यातील उमापूरचा परिसर सोयीचा आहे. उमापूर हे गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, शेवगावच्या शिवेकडचे गाव. उत्तरेला गोदावरी. या पट्ट्यात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला ‘गंगथडी’. ‘गंगेत घोडे न्हाले’ असे आपण काम तडीस गेल्यावर सहज म्हणतो. गंगथडीत या वाक्याला भूगोलही आहे. मराठ्यांच्या आणि मोगलांच्या, नंतर निजामाच्या घोडदळांनी ही नदी कितीदा ओलांडली याची गणती नाही. १७२८चा मुंगी-शेवगावचा तह, १७६३ची राक्षसभुवनची लढाई, दक्षिणेकडे १७९५ची खर्ड्याची लढाई, आणि या सर्वांच्या शंभर वर्षे आधी, १६३०-३१ साली, शाहजहानच्या फौजांनी खानजहान लोदीचा केलेला पाठलाग, हे सारे याच टापूत किंवा त्याच्या अवतीभवती घडले. या प्रसंगांच्या वर्णनांत तलवार दिसते, तोफ दिसते, तहाची कलमे दिसतात. चारा फारसा दिसत नाही. तो दिसू लागला की या लढायांचा अर्थही थोडा बदलतो.

आधी घोड्याच्या शरीराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. घोडा गवत खाणारा असला तरी गाईम्हशींसारखा रवंथ करणारा नव्हे. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते. त्यात आम्ल सतत पाझरत राहते, मग त्यात अन्न असो वा नसो. घोड्याला ओकता येत नाही. मोकळ्या रानात सोडलेला घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास थोडेथोडे चरत असतो. म्हणजे त्याच्या देहाची रचनाच हळूहळू, सतत आणि तंतुमय असे काही चघळत राहण्याची आहे. अशा जनावराला सकाळ-संध्याकाळ भरपूर दाणा द्यायचा आणि मधल्या वेळी रिकाम्या दावणीपुढे उभे करायचे, म्हणजे हिशेबाने त्याचे पोट भरते, पण तोंड उपाशी राहते. मग ते तोंड लाकूड कुरतडते, शेपट्या चावते, लीद खाते किंवा मातीकडे वळते.

माती खाण्याचे हेच एक कारण आहे असे नव्हे. घामातून घोड्याच्या अंगातील सोडियम आणि क्लोराइड फार मोठ्या प्रमाणात जातात. मीठ मिळाले नाही तर खारट चवीच्या कोणत्याही गोष्टीकडे त्याची जीभ जाते. २००१ साली ऑस्ट्रेलियात संशोधकांनी घोडे जेथली माती खातात अशा तेरा ठिकाणांची माती तपासली, तेव्हा तेथील मातीत शेजारच्या न खाल्लेल्या मातीपेक्षा लोह आणि तांबे अधिक आढळले. जंतांचा उपद्रव, रक्तक्षय, जठरातील व्रण, निव्वळ कंटाळा, ही कारणेही पशुवैद्य सांगतात. शिंगरे काही काळ माती आणि आईची लीद तोंडात घालतात, त्यात चिंतेचे काही नसते. पण मोठा घोडा रोज माती खाऊ लागला तर वाळू मोठ्या आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो, दात झिजतात, जमिनीवरची जंतांची अंडी पोटात जातात. थोडक्यात, माती खाणे हे अनेक आजारांचे एकच दिसणारे लक्षण आहे. ते बंद केल्याने आजार बंद होत नाही.

आपल्याकडच्या वैद्यकाला हा प्रकार माणसांच्या बाबतीत चांगला परिचित होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पाचवा मृद्भक्षणाने, म्हणजे माती खाण्याने होणारा. तुरट माती वाताला, खारट माती पित्ताला आणि गोड माती कफाला वाढवते. न पचलेली माती शरीरातील मार्ग अडवते आणि बळ, वर्ण, अग्नी यांचा नाश करते, अशी तेथली उपपत्ती आहे. पांडुरोग म्हणजे शरीर फिके पडणे. आज आपण ज्याला रक्तक्षय म्हणतो त्याच्याशी त्याचे बरेच साम्य आहे. रक्तक्षयामुळे माती खाविशी वाटते की माती खाल्ल्याने रक्तक्षय होतो, यावर आधुनिक वैद्यकातही चर्चा चालू आहे. चरकाने कारणाची दिशा एकच धरली, पण उपचार सांगताना त्याने माणसाची दुर्बलता ओळखली. माती सुटतच नसेल तर वावडिंग, कडुनिंब, कुटकी अशा कडू द्रव्यांची भावना दिलेली माती खायला द्यावी, म्हणजे तिचा वीट येईल, असे तो सांगतो. मारून किंवा बांधून ठेवून सवय सोडवावी असे तो म्हणत नाही.

घोड्यांच्या बाबतीत शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली मोठी परंपरा आहे; नकुल आणि जयदत्त यांच्या नावांवर अश्ववैद्यकाचे ग्रंथ आहेत. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक मजकूर वैद्यकात नाही, राज्यशास्त्रात आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्ष या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. उत्तम घोड्याचा रोजचा आहार त्यात मापाने दिला आहे : दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ स्नेह, पाच पल मीठ, आणि आणखी कितीतरी पदार्थ. मध्यम आणि कनिष्ठ घोड्यांना त्या मानाने कमी. मीठ हे येथे चवीपुरते नाही, ते मापात आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याहूनही महत्त्वाचे पुढेच येते. घोडा रोडावतो आहे की सुटतो आहे याकडे लक्ष ठेवणे आणि ऋतुमानाप्रमाणे आहार ठरवणे हे घोड्यांच्या वैद्याचे काम म्हणून नेमून दिले आहे. उपचारात हयगय झाली आणि रोग बळावला तर खर्चाच्या दुप्पट दंड. वैद्याच्या चुकीने जनावर गेले तर त्याची किंमत भरायची. गवत आणणारा, दाणा शिजवणारा, बांधणारा, तबेल्याची राखण करणारा, असे सेवकही वेगवेगळे सांगितले आहेत. घोड्याच्या अन्नाची जबाबदारी माणसांत वाटून दिली आहे आणि चुकीची किंमतही माणसांच्याच माथी मारली आहे. घोडा खोडकर आहे ही सबब या हिशेबात बसत नाही.

मराठेशाहीतील पागेचा विचार करताना हाच धागा पुन्हा हाती येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना सांगितली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टींसाठी माणसे संख्येने बांधून दिलेली आहेत. पावसाळ्याचे चार महिने लष्कराने मुलखात परत येऊन छावणी करावी. तेथे घोड्यांसाठी दाणा, रतीब आणि औषध, माणसांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावीत. दसरा झाला की कूच करावे, असा क्रम तो देतो.

यातला ‘रतीब’ हा शब्द क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. मुळात अरबी, अर्थ, रोजचा नेमून दिलेला वाटा. आज आपण दुधाचा रतीब लावतो आणि तोडतो. एखादा लेखक दर आठवड्याला स्तंभ लिहू लागला की रतीब घालतो म्हणून त्याची थट्टा करतो. नेमाने येणारी गोष्ट कंटाळवाणी, असा भाव त्या थट्टेत आहे. पागेत मात्र नेम हाच रतिबाचा गुण होता. घोड्याच्या आतड्यातील सूक्ष्मजीव एका प्रकारच्या चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकाएकी बदलला की पोट बिघडते. दाणा एकाएकी वाढवला तर पाय धरतात. सूक्ष्मजीव कोणाला ठाऊक नव्हते, पण आज भरपूर आणि उद्या काही नाही या रीतीने घोडा मरतो हे ठाऊक होते. ‘चंदी’ म्हणजे घोड्याचा ठरलेला दाणा, बहुधा भिजवलेला हरभरा किंवा हुलगा. ‘तोबरा’ म्हणजे ती चंदी घालून तोंडाला अडकवायची पिशवी. तोबऱ्याचा उपयोग केवळ दाणा सांडू नये एवढाच नव्हता. जमिनीवर सांडलेले दाणे वेचताना घोड्याच्या पोटात माती जाते, ती त्याने टळत असे. आज पानाचा तोबरा भरतात तो याच पिशवीचा वारस आहे.

राज्याभिषेकाच्या आगेमागे, १६७३-७४च्या सुमारास, चिपळूणजवळच्या पागेतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले शिवाजीमहाराजांचे पत्र अनेकांच्या परिचयाचे आहे. रयतेला त्रास देऊ नये या आशयामुळे ते प्रसिद्ध झाले. सामान्यतः ते रयतेच्या कैवाराचे पत्र म्हणून वाचले जाते आणि ते तसे आहेच. परंतु त्याचा मूळ विषय घोड्यांची वैरण हा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत हिशेबाबाहेर उडवाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील. ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, असा त्यातील युक्तिवाद आहे. पुढे उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत सूचना आहेत. एका राजाने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करावा याचे आपण कौतुक करतो. पण त्या कौतुकाआड कार्यकारणाची जी साखळी आहे ती निसटू नये. माणसाची हयगय, मग वैरणीचा तुटवडा, मग घोड्याची उपासमार, मग रयतेची लूट. या साखळीत घोडा कुठेही दोषी नाही. आणि जाब विचारला आहे तो पागेच्या कारकुनालाही, केवळ शिपायाला नाही.

आता गंगथडीकडे परत येऊ. १६३०-३१ साली खानजहान लोदीचा पाठलाग करीत आझमखान बीडच्या परिसरात आला तेव्हा दख्खनमध्ये इतिहासातील एक भीषण दुष्काळ सुरू झाला होता. पुढे आझमखानाने परांड्याला वेढा घातला, पण तो त्याला उठवावा लागला. कारणांत चाऱ्याचा अभाव हे मोठे कारण होते. मोगलांची ताकद घोड्यावर होती आणि घोड्याची ताकद गवतावर. किल्ल्याच्या भिंतीने जे साधले नसते ते उजाड रानाने साधले.

शंभर वर्षांनी पहिल्या बाजीरावाने हीच गोष्ट योजून घडवली. १७२७-२८च्या मोहिमेत त्याने निजामाला आपल्या मागे जालना, खानदेश, गुजरात अशा दिशांनी धावायला लावले. निजाम आपला जड तोफखाना मागे ठेवून गोदावरीच्या खोऱ्यात उतरला आणि फेब्रुवारी १७२८ अखेर पालखेडजवळ कोंडला गेला. तेथे मोठी लढाई झालीच नाही. दाणा, वैरण आणि पाणी तोडले गेले, आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. मुंगी हे पैठणच्या समोर, गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. उमापूरच्या माणसाला ते परके नाही. पालखेडचे कौतुक विसाव्या शतकात फील्डमार्शल मॉन्टगोमेरीनेही केले आणि आपल्या पुस्तकांतून त्याचा उल्लेख वारंवार येतो. परंतु वेगाचे कौतुक करताना हे विसरले जाते, की तो वेग रोजच्या चंदीवर उभा होता. भीमथडीची आणि गंगथडीची तट्टे थोडक्या दाण्यावर, वाटेत मिळेल त्या कडब्यावर आणि हरळीवर टिकत. निजामाकडची मोठी, जातिवंत, जास्त दाणा लागणारी घोडी त्याच रानात उपाशी राहिली.

वैरण तोडण्याचे हे शस्त्र उलटलेही. १७६० सालच्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१पर्यंत पानिपतावर मराठ्यांची छावणी कोंडली गेली, तेव्हा अब्दालीच्या बाजूने त्यांचीच रसद तोडली गेली होती. त्या दिवशी रणात उतरलेल्या घोडदळातील घोडी आठवड्यानुआठवडे अर्धपोटी होती. पानिपताच्या पराभवाची कारणे सांगताना नेतृत्व, फूट, तोफखाना यांची चर्चा होते आणि ती योग्यच आहे. पण उपाशी घोड्यावर बसून गनिमी काव्याची चपळाई दाखवता येत नाही, ही साधी गोष्टही त्या यादीत असावी.

त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे थोरल्या माधवरावाने निजामअलीच्या सैन्यावर विजय मिळवला. गोदावरीला पूर होता. निजामअली पलीकडे गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर अडकला होता. विठ्ठल सुंदर मारला गेला. या लढाईची तिथी पाहावी. ऐन श्रावणात, सभासदाने छावणीसाठी सांगितलेल्या चार महिन्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंची घोडदळे चिखलात उभी होती. रान हिरवे होते, पण ओल्या काळ्या रानात चरणारा घोडा उपटून आलेल्या मुळांसह माती गिळतोच. शिवाय कोवळ्या ज्वारीचे भय वेगळे. गुरांना ती किराळ लागते हे शेतकऱ्याला माहीत असते; घोड्याला ती सतत चारली तर मूत्राशय आणि मागचे पाय जातात हे पशुवैद्य सांगतात. पावसाळ्यात छावणी करण्याचा जुना नेम केवळ नद्यांना पूर येतो म्हणून नव्हता, हे अशा तपशिलावरून कळते.

गंगथडीच्या घोड्याचे रोजचे अन्न म्हणजे ज्वारीचा कडबा, हंगामाप्रमाणे गवत, आणि परवडेल तेवढा हरभरा किंवा हुलगा. कडब्यात तंतू भरपूर असतात, पण प्रथिने, फॉस्फरस आणि सोडियम कमी असते. हरभरा प्रथिनांची भर घालतो, मिठाची नाही. मीठ देशावर पिकत नाही. ते कोकणच्या आगरांतून घाट चढून येई, आणि वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून मराठवाड्याच्या खेड्यांत पोहोचे. वाट लांब, वाटेत जकाती. म्हणून मीठ माणसालाच जपून वापरावे लागे. इंग्रजी अमलात मिठावरील कराच्या विरोधात जी मांडणी झाली तिच्यात गरिबाच्या ताटाबरोबर जनावरांचाही मुद्दा होता, तो याच अनुभवातून. अशा मुलखात नदीकाठची चोपण किंवा खारवट जमीन घोडा चाटू लागला तर त्याला खोड म्हणणे हा घोड्यावर अन्याय आहे. जे त्याला तोबऱ्यात मिळाले नाही ते तो जमिनीत शोधतो. काळी माती लोहयुक्त खडकापासून झालेली असली तरी तिच्यातील चुनखडीमुळे ते लोह पिकालाही सहज लागू होत नाही. तेव्हा माती खाऊन घोड्याची उणीव भरून निघेल असेही नाही. तो शोधतो ते योग्यच. मिळते ते पुरेसे नसते.

पागा संपली ती हळूहळू. १८१८ साली पेशवाई गेली. निजामाच्या मुलखात, म्हणजे उमापूरच्या बाजूला, हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ राहिले. जालना, हिंगोली येथे त्याच्या छावण्या होत्या. तेथे शिलेदारी पद्धत चालू होती. घोडा शिपायाचा, पगार सरकारचा. १९०३ साली ही दले हिंदी सैन्यात विलीन होऊन त्यांतील एका पलटणीला २०वी डेक्कन हॉर्स हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१च्या पुनर्रचनेत, शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. डेक्कन हॉर्स हे नाव भारतीय सैन्यात आजही आहे. त्या पलटणीकडे रणगाडे आहेत. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तोवर घोडा हा राज्यकारभाराचा विषय उरला नव्हता. घोडे राहिले ते टांग्याला, वरातीला, जत्रेच्या बाजाराला आणि धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर. मेंढ्यांमागे चालणारे धनगरांचे तट्टू आजही चरत चरत जाते, आणि भीमथडी जात त्यांच्यामुळेच बरीचशी टिकली. दावणीला बांधलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी.

पागा गेली तरी तिचे शब्द मागे राहिले, पण अर्थाने सरकून. रतीब दुधाचा झाला, तोबरा पानाचा झाला. ‘घोडे कुठे पेंड खाते’ हे आपण फायलीच्या संदर्भात विचारतो. सर्वांत अर्थपूर्ण प्रवास ‘छावणी’ या शब्दाचा आहे. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या गेल्या. पावसाळ्यात घोड्यांना पोसण्यासाठी असलेला शब्द पाऊस न आल्यावर गुरांना पोसण्यासाठी वापरला गेला. हिशेबही तोच : जनावरामागे रोज किती वैरण, किती पेंड, पाणी कोणी आणायचे, नोंद कोणी ठेवायची. छावण्यांतील गैरव्यवहाराच्या ज्या तक्रारी झाल्या त्याही चिपळूणच्या पत्रातील साखळीपेक्षा फार वेगळ्या नव्हत्या. कागदावर वैरण आणि दावणीत माती, हे अंतर जुनेच आहे. मात्र घोडा या छावण्यांच्या कल्पनेत नव्हता. त्या गाईबैलांसाठी, म्हशींसाठी होत्या. घोडा शेतीचे जनावर नाही आणि राज्याचेही उरले नाही. त्याचा रतीब आता पूर्णपणे मालकाच्या ऐपतीवर आणि जाणिवेवर अवलंबून आहे.

म्हणून आज गंगथडीत कोणाच्या दारी घोडा माती खाऊ लागला, तर जुन्या पागेच्या रीतीने विचार करता येतो, आणि आधुनिक पशुवैद्यक त्या रीतीला बळच देते. प्रथम वैरण : घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज, म्हणजे तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो कडबा किंवा गवत, तोही एकदम नव्हे, दिवसभर पुरवून. जमिनीवर न टाकता गव्हाणीत किंवा जाळीत. मग मीठ : अशा तट्टाला विश्रांतीच्या दिवशी साधारण पंधरा ग्रॅम, घाम गाळण्याच्या दिवशी त्याहून बरेच अधिक, आणि सोबत मुबलक पाणी. दाणा थोडाथोडा, दोन-तीन वेळा विभागून. केवळ कोंड्यावर घोडा पोसू नये, कारण कोंड्यातील फॉस्फरस हाडांतला चुना ओढून घेतो. जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने. पोटात वाळू जाते आहे की नाही ते पाहण्याची रीत सोपी आहे : थोडी ताजी लीद पाण्यात कालवून बादली स्थिर ठेवावी, तळाशी वाळू बसली तर कळते, न बसली तरी पोटात ती नाहीच अशी खात्री मात्र धरू नये. इसबगोल चारण्याचा उपाय सर्वत्र प्रचलित आहे, पण साचलेल्या वाळूवर तो एकटा पुरतोच असे नाही; २०१६ साली फिनलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट नळीवाटे पोटात दिल्याचा परिणाम घरी चारलेल्या इसबगोलापेक्षा चांगला दिसला. ते काम पशुवैद्याचे. पोटशूळ उठला, घोडा लोळू लागला, लीद बंद झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आणि तोंडाला जाळी बांधायचीच झाली तर ती वैद्याने सांगितलेल्या काळापुरती. पोटात काही नसताना तोंड बांधणे म्हणजे तक्रार बंद करणे, तिचे कारण नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकाला या सगळ्यात काय, असा प्रश्न येऊ शकतो. मराठी साहित्यात, विशेषतः ग्रामीण साहित्याच्या चळवळीनंतर, माती हा शब्द फार आदराने वापरला जातो. मातीचा गंध, मातीशी नाते, मातीतला माणूस. समीक्षेतही हे शब्द जवळजवळ मूल्यवाचक झाले आहेत. भागवतातील बाळकृष्णाने माती खाल्ली तेव्हा यशोदेला त्याच्या मुखात विश्व दिसले, आणि ती कथा आपल्या मनात इतकी रुजली आहे की माती खाण्यातही आपल्याला गोडवा दिसतो. या प्रतिमेला विरोध करण्याचे कारण नाही. पण जो मातीवर राबतो त्याच्या, किंवा त्याच्या जनावराच्या, तोंडात माती जाते तेव्हा ते नाते नसते, ती कमतरता असते. एकाच शब्दाचे हे दोन उपयोग वेगळे ठेवता आले नाहीत, तर दुष्काळी मुलखाचे वाङ्मय वाचताना आपण अभावालाच अस्सलपणा समजण्याचा धोका आहे. गंगथडीच्या इतिहासाकडे लढायांच्या जोडीने वैरणीच्या बाजूने पाहिले तर हा धोका थोडा कमी होतो. पागेच्या कारकुनाला ठाऊक होते की घोडा माती खातो आहे ही बातमी घोड्याविषयी नसते. ती त्या दिवशीच्या रतिबाविषयी असते, आणि तिचे उत्तर रतीब घालणाऱ्याने द्यायचे असते.